सुलभाकाकूंना सापडलेलं पाणी

त्र्यंबक सबनीसांना ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडच्या मराठी मंडळात सगळे 'वाळवंटवाले काका' म्हणायचे आणि काकांना ते नाव मनापासून आवडायचं. अडुसष्ट साली ते सोलापूरहून टेक्सासला एम.एस. करायला आले, मग एका तेल कंपनीत लागले आणि दोन हजार एक साली तिथूनच रिटायर झाले. कामानिमित्त पश्चिम टेक्सासच्या विहिरींवर जाता जाता त्यांना चिवावा वाळवंटाचा नाद लागला. ह्यूस्टनकडच्या दमट उन्हाळ्यात जीव घुसमटतो, तिकडच्या कोरड्या उन्हात सोलापूरला आल्यासारखं वाटतं, असं ते सांगत.

त्यांच्या घरातली वरची खोली वाळवंटाची होती. भिंतींवर नकाशे, कपाटात फायली. कोमांचे लोक कोणत्या वाटेनं मेक्सिकोत उतरायचे, पाऱ्याच्या खाणी कधी बंद पडल्या, कांदेलिया नावाच्या झुडपापासून मेण काढणाऱ्यांचे तळ कुठे होते, सगळं तारीखवार. दरवर्षी गणपतीत त्यांचा स्लाइड शो असायचा. सुलभाकाकू त्या वेळी हॉलच्या मागच्या भिंतीशी उभ्या राहून दिवे बंद-चालू करायच्या.

काकू मूळच्या पारनेर तालुक्यातल्या निघोजच्या. बावीस वर्षं त्यांनी ह्यूस्टनच्या एका सरकारी हॉस्पिटलात पेशंटांचं रक्त काढायचं काम केलं. पेशंट बहुतेक मेक्सिकन, त्यामुळे काकूंना स्पॅनिश येऊ लागलं. व्याकरण बेताचं, पण बोलणं न अडखळता. काका त्याला 'सुईवालीचं स्पॅनिश' म्हणायचे आणि लोक हसायचे. काकूही हसायच्या.

मी दोन हजार दोनच्या ऑगस्टमध्ये ह्यूस्टनला शिकायला आले. काकू माझ्या आईच्या लांबच्या नात्यातल्या, एवढ्या ओळखीवर त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात घरी नेऊन थालीपीठ खायला घातलं. पुढच्या फेब्रुवारीत काकांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी लांबचा प्रवास ड्राइव्ह करायला मनाई केली. एप्रिलची वाळवंटाची ट्रिप कॅन्सल करायला काका तयार नव्हते. मग गाडी मी चालवायची असं ठरलं. पुढे जे घडलं त्यातलं थोडं मी डोळ्यांनी पाहिलं, उरलेलं काकांनीच मला सांगितलं.

काका तेरा वर्षं एक पाणी शोधत होते. एका सर्व्हेअरच्या एकोणीसशे सोळा सालच्या वहीची झेरॉक्स त्यांना मिळाली होती. तिच्यात एकच ओळ होती. मेणाच्या तळापासून अर्ध्या दिवसाच्या वाटेवर 'दोन बहिणींचं पाणी' आहे, बारमाही आणि चांगलं. ते कुठे आहे ते आता कुणालाच ठाऊक नव्हतं. काकांच्या मते तो झरा होता. चुनखडीच्या खडकात कुठे भेगा आहेत, पाणी कुठे वर येऊ शकेल, याचा इंजिनियरी अभ्यास करून त्यांनी नकाशावर अकरा ठिकाणं लाल पेन्सिलीनं नोंदवली होती. त्यातली आठ बघून झाली होती.

आम्ही सकाळी सहाला निघालो आणि दहा-अकरा तासांनी वाळवंटातल्या टर्लिंग्वा गावाजवळ पोचलो. तिथल्या एका पत्र्याच्या घरात ओफेलिया नावाच्या ब्याऐंशी वर्षांच्या बाई राहायच्या. त्यांचे वडील मेण काढणाऱ्यांपैकी होते. काका त्यांना पूर्वी दोनदा भेटले होते, पण ओफेलियांना इंग्रजी येत नव्हतं आणि मुलाखत घेताना काका कागदावर लिहून आणलेले स्पॅनिश प्रश्न वाचून दाखवायचे. काकू या खेपेला पहिल्यांदाच त्या घरात आल्या. आधीच्या ट्रिपांना त्या मोटेलवर राहून डबे भरायच्या.

काकूंनी आत गेल्या गेल्या ओफेलियांचा हात हातात घेतला, शिरा बघितल्या आणि स्पॅनिशमध्ये म्हणाल्या, "तुमचं रक्त काढायला लोकांना फार त्रास होत असेल."

ओफेलिया खुदकन हसल्या. मग दोन तास त्या दोघीच बोलत होत्या. काका मध्ये मध्ये विचारायचे, "काय म्हणतेय ती? झऱ्याचं विचार." काकू हातानंच थांबा म्हणायच्या.

बाहेर आल्यावर काकूंनी गोष्ट सांगितली. मेक्सिकोतल्या क्रांतीच्या धामधुमीत बंदूकवाले सरहद्दीवरची नदी ओलांडून मेणाच्या तळावर आले. तळावरच्या दोन बहिणी शेळ्या घेऊन डोंगरात पळाल्या आणि एका पाण्यापाशी अकरा दिवस लपून राहिल्या. धाकटी खाली परतली, तीच ओफेलियांची आई. थोरली परतली नाही. वारा सुटला की वर ती मका दळतेय असा आवाज येतो, असं जुने लोक म्हणत.

"हे मला माहीत आहे," काका म्हणाले. खरं तर दळण्याचं त्यांना माहीत नव्हतं. हे त्यांनी मला पुढे कबूल केलं.

"आणि अहो, तो झरा नाहीच," काकू म्हणाल्या. "ती सारखी तिनाहा म्हणत होती. तिनाहा म्हणजे रांजण. आमच्या निघोजला कुकडीच्या पात्रात रांजणखळगे आहेत ना, तसं काहीतरी असणार. पुरात दगडगोटे गरगर फिरून खडकात खड्डा पडतो. तो भेगेपाशी कशाला असेल? कोरड्या ओढ्याच्या वाटेवर बघायला हवं, वर, सावलीत."

नकाशाची घडी घालताना काकांकडून ती चुकली, पुन्हा उलगडून घालायला लागली.

दुसऱ्या दिवशी जागेच्या मालकाची परवानगी घेऊन आम्ही त्या भागात गेलो. ओकोटियो नावाच्या झुडपाच्या काटेरी काठ्यांच्या टोकांना लालभडक फुलं आली होती. काका हातात जीपीएस घेऊन आपल्या नवव्या लाल खुणेकडे निघाले. काकू ओढ्याच्या बाजूनं चढू लागल्या. मी कुणाबरोबर जावं कळेना. शेवटी काकूंना सोबत हवी म्हणून त्यांच्या मागे गेले.

तासाभरानं काकू थांबल्या. "ते बघ," त्या म्हणाल्या. कवडे दोन-दोन, तीन-तीन करत एकाच घळीत उतरत होते. शेवटचा टप्पा आम्ही हातापायांनी चढलो. वर कड्याच्या सावलीत काळपट खडकात तो रांजण होता, पुरुषभर रुंद, आणि त्यात हिरवं, थंड पाणी. कडेला खडकात वाटीएवढे खळगे होते, धान्य कुटून कुटून गुळगुळीत झालेले. मागच्या भिंतीवर गेरूच्या हातांचे ठसे होते. त्या बहिणींच्याही कितीतरी आधीचे असावेत. काकूंनी ओढणीची दुहेरी घडी करून त्यातून ओंजळभर पाणी गाळलं आणि प्याल्या. मग खाली बसून त्या रडल्या. मी त्यांना आधी कधी रडताना पाहिलं नव्हतं.

मी शिट्ट्या मारल्या, हाका मारल्या. काका पाऊण तासानं धापा टाकत पोचले.

"इथेच असणार असं मला वाटलंच होतं," ते म्हणाले. "दहावी खूण इथून जवळच आहे."

दहावी खूण दोन मैलांवर होती. काकूंनी मान डोलावली.

त्या क्षणी काय वाटलं ते काकांनी मला दोन वर्षांनी सांगितलं. "कुणा प्रोफेसरला सापडलं असतं तर मी त्याला मिठी मारली असती. पण हिला? हिला ओकोटियोचं नावसुद्धा मी शिकवलं."

टर्लिंग्वाकडच्या छोट्या साप्ताहिकात बातमी आली. फोटोत काकू रांजणाच्या काठावर बसलेल्या, काकांचा फक्त खांदा आलेला. त्या वर्षी गणपतीआधी मराठी मंडळाच्या अध्यक्षा शोभाताईंचा फोन आला, "काका, स्लाइड शो नेहमीसारखा ठेवू या, पण बोलायचं काकूंनी. लोक मागे लागलेत." काका बरं म्हणाले. कार्यक्रमाला दिवे बंद-चालू करायला ते स्वतः भिंतीशी उभे राहिले. काकू चांगल्या बोलल्या. चुका झाल्या, पण लोक पुढे सरकून ऐकत होते. तेवढ्यात अंधारातून काकांचा आवाज आला.

"सुलभा, सोळा साल. सतरा नाही."

थोड्या वेळानं पुन्हा. "ती वाट कोमांच्यांची. अपाचींची नव्हे."

तिसऱ्यांदा ते बोलले तेव्हा पुढच्या रांगेतले दोघंतिघं मागे वळून बघू लागले. काकू थांबल्या आणि म्हणाल्या, "बरोबर, माझं चुकलं," आणि पुढे बोलू लागल्या. ते काकांना आणखीच झोंबलं. त्या चिडल्या असत्या तर बरं, असं त्यांना वाटलं.

पुढच्या मार्चमध्ये काकू पुन्हा ओफेलियांकडे जाऊन आल्या. या खेपेला ओफेलिया म्हणाल्या, "दुसऱ्या बहिणीचं काय झालं ते मला आईनं मरताना सांगितलं. मी कुणालाच सांगितलं नाही. तुला सांगेन. आज नको, आज नातवंडं आहेत घरात. तू परत ये."

काकूंनी घरी येऊन हे उत्साहानं सांगितलं. काकांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं नाही. वरच्या खोलीत त्यांच्या फायली होत्या, तेरा वर्षांच्या, आणि त्यातल्या एकाही फायलीत हे नव्हतं. शिवाय ते त्यांना कुणी सांगणारही नव्हतं.

ऑगस्टमध्ये वाळवंटाकडच्या इतिहास मंडळाच्या सेक्रेटरी बाईंचा फोन आला तेव्हा काकू भाजी आणायला गेल्या होत्या. ऑक्टोबरच्या वार्षिक सभेत मिसेस सबनीसांनी बोलावं, ओफेलियाही येणार आहेत, दोघींना एकत्र बसवायचं आहे, असं बाईंनी सांगितलं.

"तिची तब्येत बरी नाही," काका म्हणाले. बोलून झाल्यावर त्यांनाच नवल वाटलं. "छातीत दुखतं. डॉक्टरांनी प्रवास बंद सांगितलाय."

बाईंना फार वाईट वाटलं. मग काकांनी विचारलं, "तुमची हरकत नसेल तर मी येईन. मुळात हे संशोधन माझंच आहे."

काकूंना त्यांनी सांगितलं की पश्चिम टेक्सासात मिडलँडला जुन्या सहकाऱ्यांचं गेट-टुगेदर आहे. डोळे आता बरे होते, ते एकटेच गेले. काकूंनी त्यांना दशम्या आणि चटणी बांधून दिली.

सभेला साठेक माणसं होती. काका पाऊण तास बोलले, बासष्ट स्लाइड्स दाखवल्या, एकही सन चुकला नाही. टाळ्या पडल्या. पण ज्यासाठी ते आले होते ते काही मिळत नव्हतं, असं त्यांना बोलता बोलता जाणवत होतं. लोक वहीत टिपून घेत होते, पण पुढे सरकून ऐकत नव्हते. एका म्हाताऱ्या माणसानं विचारलं, "तुम्ही ते पाणी प्यालात का?" काका म्हणाले, "नाही. अशा पाण्यात बॅक्टेरिया असतात." त्यावर कुणी पुढे काही विचारलं नाही.

ओफेलिया पहिल्या रांगेत चांगला ठिपक्यांचा ड्रेस घालून बसल्या होत्या. कार्यक्रम संपल्यावर त्या काठी टेकत आल्या, काकांचे दोन्ही हात धरले आणि स्पॅनिशमध्ये काहीतरी लांबलचक बोलल्या. सेक्रेटरी बाईंनी इंग्रजीत सांगितलं, "त्या रोज तुमच्या पत्नीसाठी मेणबत्ती लावतात. तिला सांगा, मी थांबलेय, बरी हो आणि ये, असं म्हणतायत." मग ओफेलियांनी पर्समधून वाळक्या पाल्याची पुडी काढून दिली. छातीसाठी काढा करायचा होता.

ती पुडी काकांनी परतताना वाटेत एका पेट्रोल पंपावरच्या कचऱ्याच्या डब्यात टाकली. मला हे सांगताना त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं.

तीन आठवडे गेले. नोव्हेंबरात ओफेलियांनी नातीकडून नंबर लावून घेऊन फोन केला. काकू स्वयंपाकघरात होत्या, काका टेबलाशी चहा पीत होते. काकू पहिल्यांदा हसत बोलत होत्या. मग त्यांचं बोलणं कमी होत गेलं आणि शेवटी त्या नुसतं हो-हो, "सी, सी" म्हणत राहिल्या. फोन ठेवून त्या समोरच्या खुर्चीत बसल्या.

"अहो, मला काय झालं होतं?"

काकांनी चहाचा कप खाली ठेवला.

"माझ्या छातीत दुखत होतं म्हणे. ती बाई महिनाभर मेणबत्त्या लावतेय."

"सुलभा, ऐक..."

"कशासाठी केलंत ते मला कळलंय. ते सांगू नका." त्या म्हणाल्या, "मी तिला खोटं नाही सांगितलं. बरी आहे म्हणाले, आजारी नव्हतेच म्हणाले. मग ती म्हणाली, नवऱ्याला राग येत असेल तर नको येऊस."

काकूंनी त्या दिवशी आवाज चढवला नाही. फ्रिस्कोला राहणाऱ्या मुलाला, अनयलाही काही सांगितलं नाही. ओफेलियांना त्यांनी फोनवर त्या थोरल्या बहिणीचं विचारलं होतं. अशा गोष्टी फोनवर सांगायच्या नसतात, असं उत्तर आलं. माझी परीक्षा संपली की डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही दोघींनीच जायचं ठरलं. काकूंनी ओफेलियांसाठी लोकरीची शाल घेतली.

नोव्हेंबरच्या शेवटी, थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात ओफेलिया झोपेतच गेल्या.

आम्ही ठरल्या दिवशी निघालो. काका दारापर्यंत आले आणि दारातच उभे राहिले. काकूंनी शाल ओफेलियांच्या नातीला दिली. नातीला त्या थोरल्या बहिणीबद्दल काहीच ठाऊक नव्हतं. तिनं आम्हाला कबरीवर नेलं. अंगणात काकू इतकंच म्हणाल्या, "ऑक्टोबरात मी आले असते तर तिनं मला सांगितलं असतं." त्यानंतर शुगर लँड येईपर्यंत त्यांनी तो विषय काढला नाही.

पुढचे कितीतरी महिने घरात जेवणाखाण्यापुरतं बोलणं होतं. काका वरच्या खोलीत जाईनासे झाले. दोन हजार पाचच्या मे महिन्यात त्यांनी मला फोन करून लायब्ररीबाहेर भेटायला बोलावलं. गाडीत बसल्या बसल्या त्यांनी टाइप केलेला एक कागद दिला. "इंग्रजी बघ जरा," म्हणाले. इतिहास मंडळाला लिहिलेलं पत्र होतं. माझी पत्नी आजारी नव्हती. मी खोटं बोललो. ते पाणी तिनं शोधलं, तिनं शब्दाचा अर्थ लावला म्हणून ते सापडलं, माझ्या तेरा वर्षांच्या खुणा चुकीच्या होत्या. माझ्या भाषणाची नोंद तुमच्या कागदपत्रांतून काढून टाकावी.

तेव्हाच त्यांनी मला बाकीचं सगळं सांगितलं, अगदी त्या पुडीपर्यंत.

"काकूंना दाखवलंत?" मी विचारलं.

"नाही. दाखवलं तर माफीसाठी केलं असं वाटेल."

"मग कशासाठी केलंत?"

त्यांनी स्टिअरिंगवर बोटं वाजवली. "चैत्राली, मला अजूनही तिचा हेवा वाटतो. त्याचं काय करायचं मला कळत नाही. पत्र लिहिणं तेवढं कळलं."

मी इंग्रजीत दोन ठिकाणी 'द' घातला आणि कागद परत दिला. तो त्यांनी माझ्यासमोर पोस्टाच्या पेटीत टाकला.

पत्राची बातमी काकूंना सेक्रेटरी बाईंकडून कळली. त्यांनी काकांना त्याबद्दल विचारलं नाही. पण काही दिवसांनी त्या वरच्या खोलीत गेल्या, मेणाच्या तळांची फाइल काढली आणि जेवणाच्या टेबलावर आणून ठेवली. "मला त्या सगळ्या घरांतल्या बायकांना भेटायचंय," त्या म्हणाल्या. "ओफेलिया गेली तशा बाकीच्याही जातील. कोण कुठे राहायचं ते तुमच्याकडे आहे. मला नकाशा करून द्या."

काकांनी नकाशा केला. तीन वेळा केला, कारण काकूंना घरं बायकांच्या नावांनी हवी होती आणि काकांच्या फायलींत सगळी नावं पुरुषांची होती. पुढची दोन वर्षं काकू टेपरेकॉर्डर घेऊन फिरल्या. नदीवरचं येणं-जाणं दोन हजार दोनपासून बंद झालं होतं, त्यामुळे पलीकडच्या गावातल्या बायकांना भेटायला त्या तासन् तास वळसा घालून जायच्या. गाडी काका चालवायचे. मुलाखती चालू असताना ते अंगणात बसून राहायचे. त्या मुलाखतींची पुस्तिका छापून आली तेव्हा आपलं नाव नकाशाच्या खाली किती बारीक अक्षरात आहे ते त्यांनी भिंग घेऊन पाहिलं आणि मला फोन करून सांगितलंही.

मी त्यांच्याबरोबर शेवटची गेले ती दोन हजार आठच्या मार्चमध्ये, नोकरीसाठी शॉमबर्गला जायच्या आधी. इतिहास मंडळाच्या पंधरा-सोळा लोकांना काकू रांजण दाखवायला नेणार होत्या. काकू पुढे होत्या, सहासष्ट वर्षांच्या, डोक्याला रुमाल बांधलेल्या. काका गुडघ्यांमुळे मागे पडले आणि मी त्यांच्याबरोबर थांबले. एक अमेरिकन गृहस्थही दम खायला थांबले होते.

"तुम्ही मिसेस सबनीसांचे यजमान ना?" त्यांनी विचारलं. "तुम्हालाही वाळवंटाची आवड आहे?"

"आहे थोडी," काका म्हणाले.

ते गृहस्थ पुढे गेल्यावर काका मराठीत मला म्हणाले, "ती तिकडे सांगतेय ना, त्यातलं अर्धं मी शिकवलेलं आहे."

"अर्धं?"

"बरं, पाव."

हळूहळू आम्ही वर पोचलो. काकूंचं बोलणं संपत आलं होतं. त्यांनी कुणाला काही विचारायचंय का म्हटलं आणि मागून काकांनी हात वर केला. मला गणपतीतला तो अंधारातला आवाज आठवला. काकूंनाही आठवला असावा, कारण त्यांनी रुमालाची गाठ चाचपली.

"बोला," त्या म्हणाल्या.

"कांदेलिया ओढ्याच्या या अंगाला एवढी दाट आहे आणि पलीकडच्या उतारावर एकही झुडूप नाही. असं का?"

काकूंनी पलीकडे पाहिलं. बाकीच्यांनीही पाहिलं. इतक्या वेळा येऊन आमच्यापैकी कुणाच्याच ते लक्षात आलं नव्हतं.

"मला माहीत नाही," काकू म्हणाल्या. "तुम्हाला काय वाटतं?"

काका काठी टेकत पुढे आले आणि खडकाचे थर, चुना, उतारावरून पाणी कसं ओघळतं, हे सांगू लागले. बोलता बोलता ते खाली वाकले, मुठीत माती घेऊन एकेकाला दाखवू लागले, आणि लोक भोवती जमले. वीस मिनिटं झाली तरी त्यांचं संपेना. शेवटी काकूंनाच त्यांना थांबवावं लागलं, कारण ऊन चढत होतं आणि सगळ्यांना खाली उतरायचं होतं.